तुम्ही पॉझिटिव्ह का निगेटिव्ह?

त्याला सगळे करंट म्हणायचे. बॅटरीच्या दुकानात नवीन होता तेव्हा एकदा पाना भलत्याच जागी टेकला, ठिणग्या उडाल्या, आणि हा पठ्ठ्या असा मागे उडाला की थेट मालकाच्या मांडीवर जाऊन बसला. नाव पडलं ते पडलंच. लग्नाच्या दिवशीसुद्धा मित्रांनी नवरीला सांगितलं होतं, वहिनी, जरा जपून हात लावा हं याला. तर ती शांतपणे म्हणाली, मी रबरी चप्पल घालते.

अशी होती ती. झेरॉक्सच्या दुकानात काम करायची, दिवसभर मशीनसमोर उभी. बोलायची कमी, पण कान असे तिखट की एकदा ऐकलं की छापलंच. भांडण झालं की नवऱ्याला त्याचीच वाक्यं जशीच्या तशी परत ऐकवायची, मधल्या 'म्हणजे काय ना'सकट. करंट हसायचा. म्हणायचा, लोक कागद घेऊन जातात हिच्याकडे, मी मेला तोंड घेऊन जातो.

दुकान लहानसं. एका भिंतीला गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या एकावर एक रचलेल्या, दुसऱ्या भिंतीला चार्जिंगचा फळा, त्यावर लाल-काळ्या वायरी लोंबकळत. ॲसिडचा वास नाकात बसलेला, आणि करंटच्या प्रत्येक शर्टाला पोटाजवळ बारीक बारीक भोकं. गिऱ्हाईक यायचं, गाडी चालू होत नाही म्हणायचं, हा झाकण उघडून वायरी जोडतात ती टर्मिनलं घासायचा, पाणी भरायचा, आणि बोलता बोलता दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा, पॉझिटिव्ह इकडे, निगेटिव्ह तिकडे, आधी निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह.

आणि मग एक दिवस त्याने तो शब्द सोडला. 'लाल' म्हणायला लागला. लाल वायर दे, लाल बाजू घास. मालकाला वाटलं, आला असेल नवा नाद. म्हणाला, काय रे, इंग्रजीशी भांडण झालं का?

भांडण असं झालं होतं. जड बॅटऱ्या उचलून उचलून त्याला हर्निया झाला होता. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं. बायको कामावर होती, हा एकटाच गेला होता. डॉक्टरांनी त्याला बाजूच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि सांगितलं की एचआयव्ही पॉझिटिव्ह आलंय. शांतपणे सांगितलं, पाणी दिलं, औषधं आहेत म्हणाले, नीट घेतली तर माणूस म्हातारा होऊन मरतो म्हणाले. करंटला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्याला फक्त तो परगावचा गॅरेजवरचा काळ आठवला, लग्नाच्या कितीतरी आधीचा, जेव्हा तो आणि बाकीची पोरं पगार झाला की त्या गल्लीत जायची आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना डोळे मारायची. तेव्हा ती मर्दुमकी वाटली होती. आता त्या खोलीत बसून त्याला स्वतःचे हातसुद्धा बघवेनात.

घरी आला. बायकोने विचारलं काय म्हणाले डॉक्टर. हा म्हणाला, सगळं ठीक, तारीख दिलीय.

तिथूनच सुरू झालं. पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगता येईना, कारण मग तिने विचारलं असतं, काल का नाही सांगितलंत. आठवडा गेला, ऑपरेशन झालं, मग महिना गेला, आणि आता नुसतं दुखणं नव्हतं, दुखणं अधिक लपवणं असं दोन्ही सांगायचं होतं. रोज एक गोळी. घरी एकच खोली, एकच कपाट, तिथे काय लपणार. म्हणून गोळ्यांची बाटली दुकानात, तुटक्या टर्मिनलांच्या डब्यात, कुणी हात घालणार नाही अशा जागी. बंद करायच्या आधी शटरकडे पाठ करून गिळायची आणि घरी जायचं.

सरकारी दवाखान्यात या गोळ्या देणारं केंद्र होतं. तिथे एक समुपदेशक ताई होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज मऊ पण सोडायच्या नाहीत. दर वेळी एकच प्रश्न. बायकोला कधी आणताय? हा म्हणायचा, आणतो ना. नंतर म्हणायला लागला, तिला माहितीये सगळं, पण कामामुळे जमत नाही. ताई नुसत्या बघायच्या. त्या नजरेने त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

मग मुलाचा विषय निघाला. बायको आडून बोलणारी नव्हती, सरळ म्हणाली, मला आता मूल हवंय. करंटने ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, होऊ शकतं. तुमच्या रक्तातला विषाणू औषधांनी दबलाय, रिपोर्ट चांगला आहे, असंच राहिलं तर बायकोला लागण होत नाही. पण तिला सांगा, तिला घेऊन या, आपण तिघं बसून ठरवू. करंटने अर्धंच ऐकलं. 'होऊ शकतं' एवढं कानात घातलं, बाकीचं तिथेच बाकावर ठेवून आला. घरी येऊन म्हणाला, चल, होऊ दे.

ती किती खूश झाली. हा पण झाला, खोटं कशाला बोला. आपण बाप होणार म्हणून चालताना उगाच शीळ घालायचा.

तिला दिवस गेले. पहिल्या तपासणीत सगळी रक्तं झाली, त्यात एचआयव्हीची पण होती, आणि ती नाही म्हणून आली. तिने येऊन सहज सांगितलं, सगळं नॉर्मल. करंट न्हाणीत गेला, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडला. त्याला वाटलं सुटलो. आता कधीच कुणाला कळायची गरज नाही.

आणि नेमकं तेव्हाच मालक जिन्यावरून पडला. पाय मोडला, त्याच्या मुलीने त्याला आपल्याकडे नेलं, आणि जाताना म्हातारा किल्ल्या खिशात घालून गेला. दुकान बंद. आत टर्मिनलांचा डबा, डब्यात बाटली. किल्ली कशासाठी मागणार? बॅटऱ्यांना भेटायला? केंद्रात गेला असता तर गोळ्या मिळाल्या असत्या, पण तिथे ताई होत्या. आज जाऊ उद्या जाऊ करत हा घरीच बसला, आणि घरी बसला तर बायको किती आनंदात, म्हणाली, बरं झालं, जरा माझ्याजवळ बसा. ओकाऱ्या थांबल्या होत्या तिच्या. जवळ आली. हा नाही म्हणाला नाही. कसा म्हणणार, काय कारण देणार? तेव्हा त्याने स्वतःला सांगितलं की इतक्यात काही होत नसतं.

दुकान उघडलं तेव्हा त्याने सगळ्यात आधी तो डबा काढला. गोळी हातात घेतली आणि त्याला कळलं आपण काय केलंय. लाज वाटते म्हणून लपवलं, लपवलं म्हणून गोळ्या चुकल्या, आणि आता ती लाज तिच्या पोटापर्यंत पोचली असेल तर? त्या दिवसापासून तो तिच्या बाजूला झोपायचा पण भिंतीला चिकटून. ती म्हणाली, काय हो, भिंतीशी लग्न केलंय का. हा म्हणाला, बाळाला धक्का लागायला नको.

बाळाच्या नावावर सगळं खपत होतं.

अशात सासूबाई राहायला आल्या. गोड बाई, पण आवाज असा की शेजारच्या घरातसुद्धा साखर लागायची. एका संध्याकाळी करंट कामावरून आला, सासूबाई जमिनीवर बसून मटार सोलत होत्या, बायको नुकतीच तपासणीहून आलेली, पाय वर घेऊन खुर्चीत. हा हात धुऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावतोय, तर बायको सहज म्हणाली,

"अहो, तुम्ही पॉझिटिव्ह का निगेटिव्ह? डॉक्टरीणबाई विचारत होत्या."

तांब्या हातातून सुटला. सगळं पाणी मटारांवर. करंटचा चेहरा असा पडला की सासूबाई सोलायच्या थांबल्या.

"कोणी सांगितलं तुला?" तो म्हणाला. "मी सांगणारच होतो. शपथ. मी सांगणारच होतो तुला."

बायकोने पाय खाली घेतले. मग म्हणाली, "काय सांगणार होतात? रक्तगट विचारतेय मी. माझा निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर एक इंजेक्शन घ्यावं लागतं म्हणाल्या. त्यात एवढं काय?"

आता बघा, त्या क्षणी त्याला काय काय करता आलं असतं. अर्धं तर तोंडातून बाहेर आलंच होतं. उरलेलं नुसतं सोडून द्यायचं होतं. पण सासूबाईंनी मदत केली. त्या खो-खो हसल्या. म्हणाल्या, अगं, घाबरले ते. यांना वाटलं आता रक्त काढायला नेतात की काय. एवढा बाप्या, बॅटऱ्या उचलतो आणि सुईला भितो.

आणि करंटने ती पळवाट दोन्ही हातांनी धरली.

"हो ना," तो म्हणाला, आणि हसला. "सुईचं नाव काढलं की माझे पाय लटपटतात."

वेळ मारून नेली. मटार पुसले. रक्तगट बी पॉझिटिव्ह म्हणून सांगितला, तो सोडलेला शब्द कितीतरी दिवसांनी तोंडातून काढला. आणि मग आठवडाभर ती गोष्ट गावभर. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने नवऱ्याला, नवरा दुकानात येऊन मालकाला. मालक प्लास्टरच्या पायाने टेबल बडवून हसला. जो येईल तो पेन घेऊन करंटच्या दंडाला टोचायचा आणि म्हणायचा, भ्यायला का? हा हसायचा. कोपराच्या आतल्या बाजूला केंद्रात नुकतंच रक्त घेतल्याची खूण होती, त्यावर बाही ओढून घ्यायचा आणि हसायचा. देवाने हातात आयती संधी दिली होती आणि आपण ती चेष्टेवारी घालवली, हे त्याला कळत होतं. पहिलं लपवणं भीतीचं होतं, ठीक आहे, माणूस घाबरतो. पण हे दुसरं? हे तर त्याने हसत हसत केलं होतं, सासूच्या समोर, बायकोच्या डोळ्यात बघून. स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

बायको मात्र हसली नव्हती. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण ती त्या दिवशी हसलीच नव्हती.

सासूबाई परत गेल्या. त्यानंतरच्या एका दुपारी ती दुकानात आली. कधी यायची नाही, ॲसिडच्या वासाने तिला मळमळायचं. पोट आता चांगलंच दिसत होतं. मालक जेवायला गेलेला, बाहेर ऊन. करंट एका ट्रकच्या बॅटरीवर वाकलेला. तिने पदर नाकाला लावला, स्टूल ओढून बसली आणि सरळ सुरुवात केली.

"रक्तगट विचारला तर माणूस 'माहीत नाही' म्हणतो. तुम्ही म्हणालात, कोणी सांगितलं तुला. मग म्हणालात, मी सांगणारच होतो. शपथ. मी सांगणारच होतो तुला." अगदी त्याच्याच सुरात, त्याच श्वासाने. "रोज तेच ऐकू येतंय मला. मी आईला काही बोलले नाही. आधी वाटलं बाहेर कुणी बाई आहे. मग वाटलं, बाई असती तर हा माणूस सुईला घाबरायचं नाटक कशाला करेल? हर्नियाच्या वेळी इंजेक्शन घेताना तुम्ही नर्सशी गप्पा मारत होतात, मी बघितलंय. काय सांगणार होतात?"

करंटने पाना खाली ठेवला. हात पुसले, परत पुसले. पुसून संपेनात.

"सांगा."

"मी पॉझिटिव्ह आहे," तो म्हणाला. "रक्तगट नाही. एचआयव्ही."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. हा बोलत सुटला. ऑपरेशनच्या आधी कळलं, गॅरेजवर असतानाचं जुनं, लग्नाच्या आधीचं, गोळ्या घेतो, इथे ठेवतो, तुझा रिपोर्ट चांगला आला होता, पण मालकाचा पाय मोडला तेव्हा चुकल्या, आणि आपण तेव्हा, म्हणजे तू जवळ आलीस आणि मी. तिथे तो अडकला. मान वर करवेना. समोर फक्त तिचे पाय दिसत होते, सुजलेले, चपलेच्या पट्ट्यातून बाहेर आलेले, आणि त्याला वाटलं की या पायांवर डोकं ठेवण्याचीसुद्धा आपली लायकी नाही.

ती उठली. त्याला वाटलं जाते. ती म्हणाली, "चला. कुठे आहे ते केंद्र?"

शटर अर्धंच ओढून दोघं निघाले. रिक्षात ती एका टोकाला, हा दुसऱ्या टोकाला, मध्ये तिची पिशवी. केंद्रात ताईंनी दोघांना दारात बघितलं, चष्मा वर केला, आणि काहीही न विचारता तिला पंख्याखाली बसवलं. सगळं समजावलं. आधी तुमचं रक्त परत तपासू, मग काही आठवड्यांनी अजून एकदा, बाळ होईपर्यंत लक्ष ठेवू. लागण झालीच असेल तरी लगेच औषध सुरू केलं तर बाळ बहुतेक वेळा सुखरूप राहतं. पण तुम्हाला माहीत असणं गरजेचं होतं, हे मी यांना पहिल्यापासून सांगत होते.

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" तिने विचारलं.

ताईंनी चष्मा काढला. करंटकडे बघितलं. म्हणाल्या, ते यांनीच सांगायचं.

बायकोने त्याच्याकडे तोंड वळवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं.

"मी म्हटलं मूल हवं, तेव्हा तुला माहीत होतं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. ताईंनी बहुधा तोंड उघडलं नसतं. नंतर कळलं म्हणता आलं असतं, आणि मग निदान तोंड दाखवायला तरी जागा राहिली असती. करंटच्या ओठांवर 'नाही' आलं होतं, खरंच आलं होतं.

"हो," तो म्हणाला. "माहीत होतं."

तिने डोळे मिटले. मग ताईंकडे हात पुढे केला. "रक्त घ्या माझं."

रिपोर्ट त्याच दिवशी मिळणार होता. बाहेर बाकावर बसले, मध्ये पुन्हा पिशवी. एक म्हातारी खोकत होती, एक जोडपं मोबाईलवर काहीतरी बघून हळूच हसत होतं. करंटच्या डोक्यात एकच चालू होतं, माझं मला होऊ दे, तिला नको, तिला नको. ताईंनी आत बोलावलं आणि हसून सांगितलं की निगेटिव्ह आहे. आत्तापुरतं तरी नक्की, पुढची तपासणी चुकवायची नाही.

करंटचा बांध फुटला. खुर्चीत वाकून, तोंड हातात घेऊन, लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बायकोने तो मध्येच घेतला आणि स्वतः प्यायली.

"तू रडू नकोस," ती म्हणाली. "आज माझा नंबर आहे."

त्याने रडणं गिळलं. आणि मग ती रडली, ताईंच्या खांद्यावर, त्याच्याकडे पाठ करून. हा बाजूला उभा, हात कुठे ठेवावे ते न कळून.

ती आईकडे गेली. आईला काय सांगायचं ते मी बघीन म्हणाली, तुम्ही मध्ये पडू नका. परत तुम्ही-अहो सुरू झालं होतं, पण ते आता दारावर लावलेल्या कडीसारखं वाटत होतं. परत येणार का हे त्याने विचारलं नाही. विचारायचं तोंड कुठे होतं? ताईंनी दोघांना सांगितलं होतं की गोळी आता घरी, उघड्यावर ठेवायची. त्याने बाटली दुकानातून आणली आणि खिडकीत ठेवली, रस्त्यावरून दिसेल अशी. मग घाबरून जरा आत सरकवली. मग परत पुढे.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. एकच शब्द. घेतली? हा म्हणायचा, घेतली. की फोन बंद. बाळ कसं आहे विचारायला तोंड उघडेपर्यंत पलीकडे शांतता. दुसऱ्या तपासणीला ती आईबरोबर गेली, याला बोलावलं नाही. त्या दिवशी फोन आला तेव्हा तिने घेतली का विचारायच्या आधी एक शब्द जास्त सांगितला. निगेटिव्ह. मग विचारलं, घेतली?

आणि एका संध्याकाळी फोन आला तेव्हा करंट नुकताच घरात शिरत होता, दुकानात उशीर झालेला, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"घेतली?"

किती सोपं होतं. आत्ता हो म्हणायचं आणि नंतर घ्यायची. काय फरक पडतो? बाटली तर समोरच होती.

"नाही," तो म्हणाला. "आत्ता आलो. घेतो."

पलीकडे शांतता. त्याला वाटलं ठेवला. कानाला फोन धरूनच त्याने बाटली उघडली, एका हाताने झाकण निघेना, दातांनी काढलं. गोळी तोंडात टाकली, तांब्या उचलला, घटाघट पाणी प्यायला. थोडं छातीवर सांडलं.

"घेतली," तो म्हणाला.

"हं. ऐकू आलं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.